दुरुस्ती की इंटरफेस? घरी गिटार रेकॉर्ड करताना आधी काय करायचं

गिटार लॅपटॉपला जोडली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि नंतर ऐकलं, तर आवाज पातळ, मागे सतत गुणगुण आणि मधूनच खरखर. कुणालाही विचारलं की सल्ला ठरलेला असतो: इंटरफेस घे, म्हणजे गिटार आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणारा छोटा डबा. दुसरा कुणीतरी तितक्याच ठामपणे सांगतो की आधी जॅक, म्हणजे गिटारचं प्लग घालायचं भोक बघ, उगाच नवीन काही घेऊ नकोस. दोघंही कधी बरोबर ठरतात, कधी चुकतात. आपल्या बाबतीत कोण बरोबर आहे हे ठरवायला इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास लागत नाही. तारेवरचा आवाज कॉम्प्युटरच्या फाइलपर्यंत कोणत्या वाटेने जातो, तेवढं समजलं तरी पुरतं.

कसोटी आधीच सांगून टाकू. इंटरफेस आणल्यावरही जी वस्तू या वाटेत राहणार आहे, ती बिघडली असेल तर दुरुस्त करा. इंटरफेस आल्यावर जी बाजूला पडणार, तिच्यावर पैसा घालू नका. गिटार, केबल, माइक आणि हेडफोन पहिल्या गटात येतात. लॅपटॉपचं सॉकेट आणि केवळ रेकॉर्डिंगसाठी ठेवलेला जुना मिक्सर दुसऱ्या गटात. ॲम्प मात्र कधी इकडे, कधी तिकडे.

## पिकअपचा सिग्नल इतका नाजूक का

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे पाच ते आठ हजार वेढे. वरची पोलादी तार हलली की या वेढ्यांत वीज तयार होते. सायकलचा डायनॅमो याच तत्त्वावर चालतो आणि त्याची खोडही पिकअपमध्ये आहे: डायनॅमोला झेपणार नाही इतका मोठा बल्ब लावला की उजेड मिणमिणतो. पिकअपवरही पुढे जोडलेल्या यंत्राचं ओझं पडतं.

हे ओझं ज्या मापाने सांगतात, ते म्हणजे इम्पीडन्स. ते ओममध्ये मोजतात. इनपुटचा इम्पीडन्स जेवढा जास्त, तेवढं पिकअपवरचं ओझं कमी. गिटार ॲम्पचं इनपुट साधारण १ मेगाओमचं, म्हणजे १० लाख ओमचं असतं. मिक्सरचं लाइन इनपुट बहुधा १० ते २० किलोओमचं आणि माइकचं इनपुट दीड-दोन किलोओमचं.

आकडे मांडून बघू. नेहमीच्या पिकअपचं वेटोळं खर्जाच्या सुरांना ७ ते ८ किलोओम अडथळा करतं. ३,००० हर्ट्झच्या आसपास, जिथे गिटारचा झणकार असतो, तिथे तोच अडथळा ६० किलोओमच्या घरात जातो. असा पिकअप १० किलोओमच्या इनपुटला जोडला, तर खर्जाचा निम्म्याहून थोडा जास्त सिग्नल पोचतो, पण झणकाराचा जेमतेम सहावा हिस्सा. आवाज लहान होतोच, शिवाय मातीत पुरल्यासारखा बोदा येतो. १ मेगाओमच्या इनपुटला मात्र दोन्ही जवळजवळ पूर्ण पोचतात.

अकूस्टिक गिटारच्या खोगिराखाली बसवलेल्या पिएझो पिकअपचं उलटं आहे. कमी इम्पीडन्सच्या इनपुटला जोडला की त्याचा खर्ज उडतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारींमध्ये बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट असतं, म्हणून हा त्रास जाणवत नाही. बॅटरी उतरली की जाणवतो.

## लॅपटॉपच्या सॉकेटात गिटार घातली की काय होतं

आजकालच्या लॅपटॉपला साडेतीन मिलिमीटरचं एकच भोक असतं, ज्यात हेडफोन आणि माइक दोन्ही सामावलेले असतात. आत चार संपर्क असतात: डावा कान, उजवा कान, अर्थ आणि माइक. गिटारच्या जाड प्लगला ॲडॉप्टर लावून त्यात घातला की प्लगचं टोक डाव्या कानाच्या संपर्काला टेकतं. प्लगचा उरलेला दांडा बाकीचे तिन्ही संपर्क एकमेकांशी जोडून टाकतो. म्हणजे गिटार जाऊन लागते हेडफोनच्या आउटपुटला, आणि माइकचा संपर्क अर्थला चिकटतो.

तरीही काहीतरी रेकॉर्ड होतं, कारण लॅपटॉप आपल्या झाकणातल्या माइकवरून खोलीतला आवाज घेत असतो. पंख्याची घरघर आणि तारांचा टकटकाट ऐकू येण्याचं कारण हेच. गिटारमध्ये बिघाड शोधत बसणाऱ्या पुष्कळ जणांची गिटार धडधाकट असते.

योग्य चार-संपर्काचा ॲडॉप्टर आणला, तर सिग्नल माइकपर्यंत जातो. पण ते इनपुट काही किलोओमचं, हेडसेटच्या माइकसाठी बनवलेलं. वर लॅपटॉपची आवाज शुद्ध करणारी सोय लांबवलेला सूर गोंगाट समजून दाबते. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, इम्पीडन्स मात्र बदलता येत नाही. हे सॉकेट बिघडलेलं असो वा चांगलं, त्याच्या दुरुस्तीने गिटारचं रेकॉर्डिंग सुधारत नाही.

## इंटरफेस करतो तरी काय

त्या छोट्या डब्यात चार कामं होतात. गिटारला हवं तसं जास्त इम्पीडन्सचं इनपुट मिळतं. त्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असं लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा ते बटण दाबून चालू करावं लागतं. न दाबता रेकॉर्ड करून ‘इंटरफेस घेऊनही आवाज बोदाच’ अशी तक्रार करणारे भरपूर. दुसरं काम सिग्नल वाढवण्याचं. तिसरं, त्याचे आकडे करण्याचं: सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजमाप. चौथं, कॉम्प्युटरमधून परत आलेला आवाज हेडफोनला देण्याचं.

याखेरीज ड्रायव्हर असतो, म्हणजे इंटरफेस आणि कॉम्प्युटर यांच्यात बोलणी करणारा प्रोग्रॅम. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये रोजचा फरक यानेच पडतो. तार छेडल्यापासून हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंत जो उशीर होतो, त्याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर ही मोजमापं, म्हणजे आवाजाचे नमुने, गठ्ठ्याने उचलतो. १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा भरायला २३ मिलिसेकंद लागतात, १२८ चा गठ्ठा तीन मिलिसेकंदांच्या आत भरतो. जाताना एक, येताना एक आणि वर यंत्राचा थोडा वेळ धरला, तर १२८ ला एकूण ८ ते १० मिलिसेकंद होतात. हवेत आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा उशीर तीन मीटरवर ठेवलेल्या ॲम्पइतका झाला. कुणाला खटकत नाही. १,०२४ वर मात्र बोटं आणि कान यांची फारकत होते आणि ताल सुटतो.

विंडोजवर एवढा कमी उशीर मिळवायला ‘एएसआयओ’ जातीचा ड्रायव्हर लागतो. चांगल्या इंटरफेसबरोबर कंपनी तो देते. मॅकमध्ये ही सोय मुळातच आहे. एक सूचना: ऑडॅसिटी या मोफत रेकॉर्डिंग प्रोग्रॅमच्या बऱ्याच आवृत्त्या जशा डाउनलोड होतात तशा एएसआयओ वापरत नाहीत. त्यामुळे गिटारचा परतीचा आवाज ऐकत वाजवायचं असेल, तर रीपरसारखा प्रोग्रॅम घ्या.

## दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधा

एका वेळी एकच वस्तू बदलायची, एवढाच नियम. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

सुरुवात केबलपासून करा, कारण तीच सगळ्यात जास्त मरते. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा. एका प्लगचं टोक ते दुसऱ्या प्लगचं टोक: बीप यायला हवी. दांडा ते दांडा: बीप यायला हवी. टोक ते दांडा: अजिबात यायला नको. हे करताना प्लगच्या मानेजवळ केबल हलवत राहा, कारण तारा तिथेच तुटतात. मल्टिमीटर नसेल तर दुसऱ्या केबलवर वाजवून बघा.

मग गिटार. केबल तीच ठेवून दुसऱ्या गिटारवर वाजवा, किंवा आपली गिटार कुणाच्या तरी ॲम्पवर लावा. खरखर गिटारबरोबर गेली तर दोष गिटारमध्ये, मागे राहिली तर पुढच्या यंत्रात. गिटारमध्येच असेल, तर ती कधी येते ते ऐका. नॉब फिरवताना आली तर पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग), प्लग हलवल्यावर आली तर जॅक, स्विच टाकताना आली तर स्विच.

सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. रेकॉर्डिंगमध्ये थोड्या थोड्या वेळाने टिकटिक येते किंवा आवाज तुटतो, पण ॲम्पवर सगळं स्वच्छ ऐकू येतं, असं असेल तर गठ्ठा फार लहान ठेवला आहे किंवा ड्रायव्हर चुकीचा निवडला आहे. हत्यारं बाजूला ठेवा.

## गिटारची दुरुस्ती: हे घरीच होतं

ढिला जॅक हा सगळ्यात सामान्य आजार, आणि लोक तो हाताने वाढवतात. बाहेरची चाकी ढिली झाली की पाना लावून फिरवली जाते, तिच्याबरोबर आतला जॅकही फिरतो, आणि त्याला जोडलेल्या दोन तारा पिळवटून तुटतात. म्हणून जॅकची पट्टी आधी उघडा, जॅक आतून बोटांनी किंवा पक्कडीने धरा आणि मगच चाकी आवळा. पट्टी उघडलीच आहे तर प्लग घालून बघा: टोकाच्या खाचेत बसणारी पत्री नीट टेकते का? टेकत नसेल तर किंचित आत वाकवा. नव्वद टक्के वेळा ‘हात लावला की आवाज येतो, सोडला की जातो’ हे दुखणं इथेच संपतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

तार सुटलेली असेल तर सोल्डर करावं लागतं. ३० ते ४० वॉटचा सोल्डरगन पुरतो. तापमान लावता येत असेल तर ३५० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवा. सोल्डरची तार ६०/४० ची, आत राळ असलेली, जाडी ०.८ ते १ मिलिमीटर. नळाच्या कामाचं आम्लयुक्त फ्लक्स वापरू नका, ते पुढे तांबं खातं. जुनं सोल्डर काढा, तारेच्या टोकाला आधी नवीन सोल्डरचा पातळ थर द्या. नंतर सोल्डरगनचं टोक जॅकच्या कानाला आणि तारेला एकदम टेकवून दोन-तीन सेकंद तापवा, आणि सोल्डरची तार गनच्या टोकाला न लावता सांध्याला लावा. ते आपोआप पसरलं पाहिजे. थंड होईपर्यंत हलवू नका. हललं तर सांधा दाणेदार होतो, दिसायला जोडलेला आणि आतून सुटलेला. दुरुस्तीवाले त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात, आणि महिनाभराने परत येणाऱ्या खरखरीचं मूळ बरेचदा तेच असतं.

पॉटच्या खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनर. पॉटच्या तीन पायांजवळ फट असते, तिथून एक छोटा फवारा मारा आणि नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. डब्यावर डब्लूडी-४० असं लिहिलेलं नेहमीचं तेल यासाठी नाही. ते चिकट थर सोडतं आणि त्यावर धूळ बसते. काही आठवड्यांत खरखर परतली तर आतला कार्बनचा पट्टा झिजला आहे, पॉट बदला. सिंगल-कॉइल म्हणजे एका वेटोळ्याच्या पिकअपला २५० किलोओमचा, हमबकर म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपला ५०० चा आणि बॅटरीवाल्या ॲक्टिव्ह पिकअपला बहुधा २५ चा. आकडा चुकला तर गिटार बिघडत नाही, पण आवाजाची धार बदलते.

बॅटरीवाल्या गिटारमध्ये एक गंमत आहे. तिच्यात बंद-चालूचं बटण नसतं. प्लग घातला की जॅकमधल्या दोन संपर्कांना तो जोडतो आणि बॅटरी चालू होते. केबल रात्रभर लावून ठेवली की बॅटरी रात्रभर जळते. आवाज फाटायला लागला, विशेषतः जोरात छेडल्यावर, तर पहिलं काम नवी ९ व्होल्टची बॅटरी.

तारा आणि सूर जुळणी याला कुणी दुरुस्ती म्हणत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये यांचा परिणाम इंटरफेसहून मोठा असतो. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि त्याच पडद्यावर दाबलेला सूर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर त्या तारेचं खोगीर मागे सरकवा, उतरता असेल तर पुढे. वाजवताना न जाणवणारा बेसूरपणा दोन ट्रॅक एकावर एक ठेवले की उघडा पडतो.

## आणि हे दुरुस्तीला देऊ नका

जुन्या मिक्सरचे नॉब खरखरतात, एक चॅनेल मेलंय, आणि तो फक्त गिटार कॉम्प्युटरपर्यंत न्यायला वापरता. तो दुरुस्त झाला तरी पुढे लॅपटॉपचं तेच सॉकेट आहे. यूएसबी असलेल्या साध्या मिक्सरचीही एक मर्यादा असते: बरेचसे सगळ्या इनपुटचं मिश्रण करून दोनच ट्रॅक पाठवतात. गिटार आणि आवाज एकत्र रेकॉर्ड झाले की नंतर वेगळे करता येत नाहीत.

फायरवायर या जुन्या पद्धतीच्या जोडणीचा इंटरफेस असेल, तर यंत्र कितीही दणकट असलं तरी नव्या लॅपटॉपला ते भोकच नाही. यूएसबीच्या जुन्या इंटरफेसचं दुखणं वेगळं: हार्डवेअर ठीक, पण तुमच्या आजच्या सिस्टीमसाठी कंपनीने ड्रायव्हर काढलेला नाही. हा बिघाड कुठल्याही वर्कशॉपमध्ये दुरुस्त होत नाही. उलट, यूएसबीचं सॉकेट हलतंय किंवा हेडफोनचा नॉब खरखरतोय एवढंच असेल आणि ड्रायव्हर उपलब्ध असेल, तर दुरुस्ती फायद्याची. सॉकेटचे सांधे पुन्हा सोल्डर करणं छोटं काम आहे. आकड्यात रूपांतर करणारी चिप गेली असेल तर सोडून द्या.

व्हॉल्व्हच्या ॲम्पबद्दल कडक शब्दांत: आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात. नवशिक्याने ते उघडायचं नाही. तो ॲम्प तुम्ही खोलीत वाजवायला वापरत असाल आणि समोर माइक ठेवून रेकॉर्ड करणार असाल, तर जाणकार मेकॅनिककडे द्या. फक्त रेकॉर्डिंगसाठीच ठेवला असेल, तर इंटरफेसवर आधी खर्च करा. दुरुस्तीला देताना दोष फोनवर रेकॉर्ड करून द्या आणि काय काय बदलून पाहिलं ते लिहून द्या. मेकॅनिकचा शोधाशोधीचा वेळ वाचतो, म्हणजे तुमचेच पैसे.

## ‘गुणगुण तरी इंटरफेसने जाईल ना?’

बहुधा नाही. गुणगुण घरातल्या विजेची, देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली. सिंगल-कॉइल पिकअप ती हवेतूनच उचलतो. वाजवायच्या स्थितीत बसून गिटारसकट हळूहळू गोल फिरा; एखाद्या दिशेला गुणगुण निम्म्यावर येते. त्याच दिशेला तोंड करून रेकॉर्ड करा. लॅपटॉप, चार्जर आणि डिमरचा दिवा यांच्यापासून दूर बसल्यानेही फरक पडतो.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते का, हे बघा. होत असेल तर वायरिंग ठीक आहे, ते स्वाभाविक आहे. हात लावल्यावर वाढत असेल, तर जॅकवरच्या दोन तारा उलट्या लागल्या असण्याची दाट शक्यता. गुणगुण मोठी आहे आणि हात लावून काहीच फरक नाही, तर ब्रिजपर्यंत जाणारी अर्थची तार तुटली असेल. दोन्ही सोल्डरची किरकोळ कामं.

चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज स्वच्छ झाला तर दोषी चार्जर. टेक घेताना काढून ठेवा. ॲम्पची अर्थची पिन मात्र कधीही काढायची नाही. गुणगुण जाईल, पण उद्या ॲम्पमध्ये बिघाड झाला तर वीज तारांतून तुमच्या हातात येईल.

गुणगुणीऐवजी बारीक शिट्टी येत असेल, तर तो १,००० हर्ट्झचा आवाज यूएसबीचा. डेटा दर मिलिसेकंदाला एक अशा हप्त्यांत जातो, त्याची ती चाहूल. अगदी स्वस्त ‘गिटार-टू-यूएसबी’ केबलींमध्ये ती हमखास सापडते.

## ‘घरात आधीच इंटरफेस असेल तर?’

असू शकतो, आणि पुष्कळांना माहीत नसतं. यामाहाचे टीएचआर, बॉसचे कटाना यांसारखे ॲम्प यूएसबीने थेट ट्रॅक देतात. कित्येक मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकत्र देणारी पेडलं) देखील देतात, पण सगळे नाही. काहींची यूएसबी फक्त सॉफ्टवेअर बदलण्यापुरती असते. मॅन्युअलमध्ये ‘यूएसबी ऑडिओ’ हे शब्द शोधा. ते असतील तर ड्रायव्हर टाका आणि महिनाभर त्याच्यावरच काम करून बघा.

लाइन इनपुट असलेलं चांगलं साउंडकार्ड हाताशी असेल, तर आणखी एक मार्ग आहे. बॉसचे नेहमीचे छोटे पेडल बंद असतानाही सिग्नल आतल्या बफरमधून, म्हणजे पिकअपवर ओझं न टाकणाऱ्या छोट्या सर्किटमधून नेतात. त्यांचं इनपुट सुमारे १ मेगाओमचं आणि आउटपुट १ किलोओमचं. गिटार, मग असा पेडल, मग लाइन इनपुट: पिकअपवरचं ओझं गेलं. सिग्नल थोडा लहान येईल, पण धार टिकेल. ‘ट्रू बायपास’ पेडल बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडतो, यातलं काही करत नाही.

ॲम्पच्या हेडफोन-आउटमधून न्यायचं असेल तर सांभाळून. हेडफोनची स्टिरिओ केबल इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली, तर ते इनपुट डाव्यातून उजवं वजा करतं. दोन्हीकडे सारखाच सिग्नल असल्याने जवळजवळ सगळं नाहीसं होतं आणि उरतो तो भुताटकीसारखा पोकळ आवाज. एका बाजूला स्टिरिओ आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो प्लग असलेली केबल घ्या, आणि दोन इनपुट वापरा. ॲम्पचं ‘स्पीकर’ लिहिलेलं आउटपुट इंटरफेसला कधीच लावू नका; इंटरफेस जळेल. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न लावता चालवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.

## ‘इंटरफेस आणला, तरी आवाज कोरडाच!’

तो कोरडाच असणार. थेट रेकॉर्ड केलेली इलेक्ट्रिक गिटार अशीच वाजते. आपल्या कानाला सवय असते ॲम्प आणि बारा इंची स्पीकरची. तो स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काहीच बाहेर सोडत नाही. तो गाळणारा भाग नसताना डिस्टॉर्शन लावलं की माश्यांचं मोहोळ उठल्यासारखं वाटतं. उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे: ॲम्पची नक्कल करणारा प्लगइन आणि त्याच्यापुढे स्पीकरच्या पेटीची नक्कल. न्यूरल ॲम्प मॉडेलर हा यातला मोफत आणि उत्तम. नुसता ॲम्प लावून पेटी विसरली की मोहोळ कायम राहतं. ‘आवाज भिकार’ म्हणून परत केलेल्या कित्येक इंटरफेसांचा गुन्हा एवढाच असतो.

आवाजाची पातळीही बघा. पूर्ण जोरात छेडल्यावर मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान थांबला पाहिजे. लाल दिवा लागला तर तो तुटलेला आवाज नंतर जुळत नाही. जोरकस हमबकर गेन (सिग्नल वाढवण्याचा नॉब) शून्यावर असतानाही काही इंटरफेस भरून टाकतात. तेव्हा पिकअपची उंची स्क्रूने एक-दोन मिलिमीटर खाली घ्या.

## ‘महागडा घेतला तर जास्त चांगला?’

एक गिटार, एक माइक असेल तर फारसा फरक ऐकू येत नाही. प्रत्येक मोजमाप १६ बिटमध्ये ठेवलं, तर सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, म्हणजे आवाका, सैद्धांतिकदृष्ट्या ९६ डेसिबलचा. २४ बिटमध्ये तो १४४ चा, आणि प्रत्यक्ष यंत्रं १०० ते १२० पर्यंत पोचतात. सिंगल-कॉइलची स्वतःची गुणगुणच या यंत्रांच्या गोंगाटाच्या कितीतरी वर असते. जादा पैशात मिळतात जास्त इनपुट, चांगला ड्रायव्हर आणि दणकट हेडफोन ॲम्प. त्यातल्या ड्रायव्हरसाठी मी पैसे मोजेन, बाकीचं गरजेप्रमाणे.

घेताना हाय-झी इनपुट आहे का ते बघा. अकूस्टिक गिटार कंडेन्सर माइकने रेकॉर्ड करायची असेल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसने केबलमधूनच माइकला दिलेली वीज लागते. एसएम५७ सारख्या डायनॅमिक माइकला ती लागत नाही, पण अकूस्टिकसमोर त्याला गेन खूप द्यावा लागतो. कॉम्प्युटरला वळसा घालून गिटार थेट हेडफोनला देणारं ‘डायरेक्ट मॉनिटर’ असेल, तर जुन्या लॅपटॉपवरही उशिराचा प्रश्न मिटतो. फक्त ऐकू येते ती कोरडी गिटार. दोन इनपुट घ्या, एकच घेणारे सहा महिन्यांत हळहळतात. फोनला जोडायचा असेल तर स्वतंत्र वीज देता येते का ते तपासा. यूएसबी २ वर यंत्र ५०० मिलिॲम्पिअरपर्यंत ओढू शकतं, आणि सगळे फोन तेवढं देत नाहीत.

फक्त अकूस्टिक गिटार आणि गाणं, तेही एका माइकने, एवढंच करायचं असेल तर यूएसबी माइक पुरतो. त्याच्यातच इंटरफेस असतो. पण नंतर त्याच्या जोडीला वेगळा इंटरफेस वापरायला जाल, तर विंडोजवर अडाल, कारण बहुतेक रेकॉर्डिंग प्रोग्रॅम एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर चालवतात.

वापरलेला इंटरफेस घेत असाल, तर आधी कंपनीच्या साइटवर तुमच्या सिस्टीमचा ड्रायव्हर शोधा, मग यंत्र बघायला जा. जाताना लॅपटॉप, गिटार, एक केबल, कंडेन्सर माइक आणि हेडफोन बरोबर न्या. दोन्ही इनपुटवर एकेक मिनिट रेकॉर्ड करा, इन्स्टचं बटण दाबून आणि सोडून, आणि फरक ऐकू येतो का ते बघा. फँटम चालू करून माइक बोलतो का ते तपासा. सगळे नॉब फिरवा. शेवटी रेकॉर्डिंग चालू असतानाच यूएसबीचा प्लग हलक्या हाताने वरखाली करा. संपर्क तुटला तर किंमत पाडून मागा, आणि घरी आल्यावर सोल्डरगन तापत ठेवा.